नाना आणि एक्समूरची पोनी

माझ्या सासऱ्यांना पोनीने कसं अडकवून ठेवलं, ते सांगितलं का तुम्हाला? नाना पुण्याहून इंग्लंडमध्ये रीडिंगला आमच्याकडे आले होते, म्हणून त्यांना एक्समूरचं माळरान फिरवायला नेलं. तिथे मार्गारेट नावाच्या बाई आपल्या पोनीचे केस डीएनए टेस्टला पाठवणार होत्या. ही जात खरंच किती प्राचीन, ते त्यांना शोधायचं होतं. नाना इतिहासाचे रिटायर्ड मास्तर, त्यामुळे उत्साहाने दोरी धरायला पुढे झाले. बाईंनी आयाळीचे केस उपटले मात्र, पोनीने नानांच्या पायावर खूर ठेवला आणि ती हलेचना.

"अहो, हिला हटवा!" नाना कळवळले.

बाई शांतपणे म्हणाल्या, "थोडा धीर धरा. हिची जात हिमयुगापासून या जमिनीवर उभी आहे."

"मग जमिनीवरच राहू दे की! माझ्या पायावर कशाला?"