भालचंद्राचे सात थर

मंडळी, टाळ खाली ठेवा आणि मांडी सोडवून घ्या. आख्यान लागतंय! मध्येच पायाला मुंग्या आल्या म्हणून उठलात, तर बुवा जबाबदार नाहीत.

प्रश्न साधा आहे. माणसाचं उणं झाकलं, तर ते पुण्य की फसवणूक? मागचे काका मान डोलवताहेत. अहो, मी अजून उत्तर दिलेलं नाही! बरं, टक्कल टोपीखाली झाकलेल्यांनी हात वर करा. एकही हात नाही. आणि टोप्या मला इथून एकवीस दिसताहेत. म्हणजे प्रश्न तुमच्याच डोक्यावर बसलाय. ऐका तर मग!

शिरसगावात भालचंद्र नावाचा गडी होता. वय बत्तीस, मोटार वायंडिंगचं दुकान. जळालेली मोटार त्याच्याकडं न्यावी आणि संध्याकाळी फिरती घेऊन यावी, असा हात! पण पाय? आठ वर्षांचा असताना आंब्यावरून पडला, हाड जुळलं ते आखूड जुळलं. डावा पाय उजव्याहून बोटभर कमी. गडी चालला की वाटायचं, होडीच निघाली — डुलत डुलत.

आता बोटभर म्हणजे किती? जगाला काहीच नाही. लग्नाच्या बाजारात? कोसभर! तीन ठिकाणी पोरी बघून झाल्या, तिन्ही ठिकाणांहून एकच निरोप. ‘मुलगा चांगला आहे, पण.’ त्या ‘पण’च्या पुढं कुणी काही बोलत नाही, मंडळी. बोलायची गरजच नसते.

चौथं स्थळ आलं धामणवाडीचं. मुलगी वैजयंता, दूध संकलन केंद्रावर कामाला. पाणी घातलेलं दूध यंत्रात जायच्या आधी तिला ओळखू यायचं. घालणाऱ्याच्या तोंडावरूनच ओळखायची! फोटो बघितला आणि भालचंद्राचा जीव अडकला. रात्रभर — नको, ते तुम्हाला माहीत आहे. तुमचाही अडकला होता कधीतरी, आता आठवत नसेल.

सकाळी उठला आणि तडक नारबाकडं गेला. नारबा म्हणजे एसटी स्टँडासमोर चपला-बूट शिवणारा म्हातारा.

भालचंद्र म्हणाला, “नारबा, असं काहीतरी कर की मी सरळ चाललो पाहिजे.”

“इतकी वर्षं वाकडं चाललास तेव्हा आला नाहीस.”

“आता नड आहे.”

“नड कंबरेला आहे का लग्नाला?”

“लग्नाला.”

नारबानं माप घ्यायला घेतलं. जमिनीवर राख पसरली, त्यावरून भालचंद्राला चारदा चालवलं आणि उमटलेले पाय बघत बसला. मग कातड्याचे पातळ पातळ तुकडे कापले, एकावर एक बसवले, मध्ये ती चिकटणारी पट्टी लावली — ओढली की चर्रर्र करते ती. झाला बुटात घालायचा सुखतळा! थर घाला, थर काढा, पायाला येईल तसं करा.

“पाच थर तुझं माप,” नारबा म्हणाला. “हे दोन जास्तीचे खिशात ठेव. कातडं वापरून दबलं की घाल. आज घालू नकोस.”

भालचंद्र बूट घालून चालला आणि मंडळी — सरळ! एसटी स्टँडाला तीन फेऱ्या मारल्या. कंडक्टर म्हणाला, “गाडी लागलीय, बसताय का मिरवताय?”

आता इथं गोष्ट संपायला हवी होती. पण आपण मराठी माणसं! डॉक्टरनं एक गोळी सांगितली की आपण दोन घेतो, लवकर गुण यावा म्हणून. धामणवाडीच्या फाट्यावर उतरताना सोबत आलेल्या आत्याबाई म्हणाल्या, “मुलगी उंच आहे हं, भाल्या.” झालं! आत्या पुढं गेली, हा दगडावर बसला आणि खिशातले दोन्ही थर आत सारले. पाचानं सरळ, तर सातानं किती सरळ?

सातानं काय झालं? डावा पाय झाला उंच! गडी आता उजवीकडं कलायला लागला. जन्मात कधी त्या बाजूला कलला नव्हता, त्यामुळं त्याला वाटलं, हेच सरळ. छाती काढून निघाला. खिडकीत वैजयंता उभी होती, ती बघत होती.

दारात पोचले. मुलीचे वडील तात्या पुढं आले. “या पाव्हणं. बूट हितंच काढा, पाणी घ्या पायावर.”

भालचंद्रानं पायांकडं बघितलं. अरे, बूट! सगळा विचार केला — सदरा, अत्तर, केसांचा भांग. पण घरात शिरताना बूट काढावे लागतात, हे या पठ्ठ्याच्या ध्यानातच आलं नव्हतं! ज्या देशात देवसुद्धा आपल्याला अनवाणी आत घेतो, तिथं हा बुटाच्या जोरावर सोयरीक जुळवायला निघाला होता.

“ओसरीतच बसू की,” भालचंद्र म्हणाला. “वारा बरा लागतोय.”

मे महिना, मंडळी. पान हलत नव्हतं. तात्यांनी आभाळाकडं बघितलं, मग पाव्हण्याकडं बघितलं. पाव्हण्याचा मान! ओसरीच्या कडेला चटई टाकली. हा बसला पाय अंगणात सोडून, बूट पायात. पोहे आले. पोहे खाणारा घामानं भिजलेला, आणि म्हणतोय काय? वारा बरा आहे!

वैजयंता येऊन बसली. नाव विचारून झालं, शिक्षण विचारून झालं. मग आत्याबाईंनी घसा साफ केला.

“तुळशीपर्यंत जरा चालून दाखव गं, बाळ. तेवढं आमच्यात बघतात.”

ऐकलंत? जिच्या भाच्याच्या बुटात सात थर, ती आत्या दुसऱ्याच्या लेकीचे पाय तपासतेय! भालचंद्राची मान खाली गेली. नको म्हणावंसं वाटलं त्याला, पण कुठल्या तोंडानं म्हणणार?

वैजयंता उठली. तुळशीपर्यंत गेली, परत आली, उभी राहिली.

“आता यांनी,” ती म्हणाली.

आत्या म्हणाली, “अगं, पुरुषाला कुणी चालवतं का?”

“बैलाला चालवतात की. तात्या दात पण बघतात.”

तात्या म्हणाले, “वैजे.”

“मी चालले, मला राग नाही आला. यांनी चालावं एवढंच म्हणते. बूट असले तरी चालतील.”

भालचंद्राला घाम फुटला — आता खरा! फाट्यापासून येताना उजवा गुडघा कुरकुरत होता, त्याचं कारण त्याला आत्ता उमजलं — दोन थर जास्त झालेत. नाडी बांधायचं सोंग केलं, खाली वाकला, बुटात बोटं घातली आणि ओढलं.

चर्रर्रर्र!

सगळ्यांच्या माना वळल्या.

“काय फाटलं रे?” आत्या म्हणाली.

“काही नाही. नाडी.”

मंडळी, नाडीचा असा आवाज आजवर कुणी ऐकलाय? त्यात घाईत किती थर निघाले? दोन काढायचे होते, निघाले चार! ते मुठीत धरून गडी उठला आणि अंगणात चालायला लागला. आणि निघाली की होडी — पुन्हा जुन्या बाजूला!

तुळशीपाशी पोचेपर्यंत वैजयंता त्याचे पाय बघत होती. मग शांतपणे म्हणाली, “येताना उजवीकडं कलत होता, आता डावीकडं कलताय. नक्की पाय कुठला लहान आहे?”

भालचंद्र तुळशीपाशी उभा. मूठ झाकलेली. नाडी सैल होती, काटा रुतला, चक्कर आली — तोंडात तीन-तीन सबबी तयार होत्या. समोर दुधातलं पाणी ओळखणारी. तीन वेळा ऐकलेला तो ‘पण’ त्याला पुन्हा ऐकू आला. आणि गड्यानं मूठ उघडली. बूट काढले, बाजूला ठेवले. अनवाणी, डुलत डुलत, सगळ्यांसमोर ओसरीपर्यंत चालत आला.

“डावा,” तो म्हणाला. “बोटभर. तीन ठिकाणी नको म्हणाले, म्हणून झाकला. चूक झाली. येतो आम्ही.”

आत्या पदर सावरून उठलीच होती. वैजयंता अंगणात उतरली, तुळशीपाशी जाऊन डावा बूट उचलला, आतला सुखतळा काढला, उलटसुलट करून बघितला.

“चांगला केलाय. घरात काय घालता?”

“घरात? काही नाही.”

“कंबर दुखत नाही?”

“दुखते. संध्याकाळी फार दुखते.”

“मग हे घरात का नाही वापरत?”

“घरात कोण बघतंय?”

वैजयंतानं त्याच्याकडं असं बघितलं, जसं पाणी घालणाऱ्याकडं बघायची. पण जरा हसली. सुखतळा त्याच्या हातात दिला आणि वडिलांना म्हणाली, “तात्या, यांना सांगा, घरातल्या चपलेतही असाच बसवून घ्या म्हणावं. पुढच्या खेपेला तीच घालून आत या. आमची फरशी कुणाच्या चपलेनं झिजत नाही.”

आत्यानं विचारलं, “म्हणजे होकार समजायचा का?”

“आधी माप बरोबर होऊ दे,” वैजयंता म्हणाली आणि पोह्यांच्या रिकाम्या बशा घेऊन आत गेली.

त्याच दिवशी भालचंद्र नारबापुढं घरातल्या चपला घेऊन उभा. नारबानं हाताला धरून बसवलं आणि एकच विचारलं, “किती थर?”

“पाच.”

“का? मुलगी उंच आहे म्हणतात ना?”

“ती उंचच आहे, नारबा. ते सातानं भरून निघायचं नाही.”

तर मंडळी, काय ठरलं? झाकणं पुण्य की फसवणूक? कातडं तेच, हात नारबाचाच, पाय भालचंद्राचाच. चालता यावं म्हणून पाच घातले, ते पुण्य! दिसावं म्हणून दोन चढवले, तिथं घोटाळा!

आता माझ्याकडं नका बघू, स्वतःकडं बघा. दारात गाडी हप्त्यावरची, भिंतीवर आरसा पाव्हण्यांसाठी, गोड बोलणं शेजाऱ्यांसाठी. आणि घरात? घरात कोण बघतंय! जी बायको वीस वर्षं तुमचं डुलणं बघतेय, तिच्याशी सरळ चालायला तुम्ही एक तरी थर कापलाय का? कापला नसेल, तर आज घरी जाऊन तिला विचारा, “माझं कुठं रुततंय?” ती सांगेल. तिच्याकडं यादी आहे. मी थांबतो, कारण मलाही घरी जाऊन तेच विचारायचंय, आणि आमची यादी तुमच्याहून लांब आहे. वाजवा रे मृदंग, धरा टाळ — देवाचं नाव घ्या मोठ्यानं, म्हणजे तेवढा तरी धीर येईल!