चार गोधड्या आणि मायचं लुगडं

हॅलो?… हॅलो!… बाबूभाई, यातून तं नुसती खरखर येऊन राह्यली जी… आं? उलटं धरलं?… हे कानाले, हे तोंडाले. बरं बरं… हॅलो? हो, मी कमळाच बोलतो, आरमोरीहून!… कोण?… अगं माय! इंदूबाई! तूच होय काय वो!

अवं, माया जीव टांगणीले लागला होता ना! बाबूभाईचा माणूस घरी आला, म्हणे बहिणीचा चांद्याहून फोन आहे, राइसमिलमध्ये चला. हाताचं पीठ बी नाई धुतलं, तशीच पळाली. सगळे बरे आहेत ना?… भाऊजी?… वच्छी?… मंग फोन काऊन?… भाऊजीच्या हापिसातून लावला?… खुशखबर?

थांब, थांब! आधी मायी आयक. तुयी खुशखबर काही पळून नाई जात… अवं आयक ना वो बाई! मोठी असशीन तं घरी. इथी मले बोलू दे.

मी संकल्प सोडला… कायचा म्हणजे? गोधड्यायचा! पाडव्याले गुढीपुढं उभी राहून, सगळ्यायच्या समोर बोलली, की यंदाच्या वर्सात पेटीतल्या चारही गोधड्या पुऱ्या करीन. एक या चैतात, एक पोळ्याले, एक दसऱ्याले, अन् शेवटची संक्रांतीले… हासून घे, हास! आमची आशाबाई बी अशीच फिदीफिदी हासली. जाऊ असून तोंडावर म्हणते कशी, "कमळाबाई गोधडी हातरते, पण पुरी करून उचलत नाई." विहिरीवर म्हणाली वो, दहा बाया पाणी भरून राह्यल्या तिथी! माया अंगाची लाही लाही झाली. मी म्हणलं, वर्स सरताना यातली एक बी गोधडी अधुरी राह्यली ना, तं मायी सुई वैनगंगेत. पुन्हा सुईले हात नाई लावणार!

हो, हो, म्हणून बसली खरी… आता तोंडातून निघालं ते निघालं.

अन् पहिली तं झाल्यासारखीच आहे! लाल ठिगळायची, आठवते? काठाकाठानं अशी बारीक टाक्यायची ओळ घातली, की तू पाहशीन तं म्हणशीन मशीनची आहे. आशाबाई दोनदा उलटून पाहून गेली, गाठ कुठी सापडते काय म्हणून. नाई सापडली! तोंड पडलं तिचं एवढंसं… हो… हो, सांग ना आता. म्या कुठी धरलं तुले? बोल!

आं?

काय म्हणतं!… वच्छीचं? आपल्या वच्छीचं जमलं?… बाबूभाई! अहो बाबूभाई, मायी भाची लग्नाची झाली जी! चांद्याची वच्छी! हो, तीच, तुमच्या मिलमध्ये भुशाच्या ढिगावर घसरगुंडी खेळे ती… अवं बाई, कधीची तारीख?… याच वैशाखात? मंग दिवस कुठी उरले!… पोरगा काय करते?… मास्तर? वरोऱ्याले?… दिसाले कसा आहे? उंच आहे?… सावळा असला तं असू दे, आपण कोणते दुधातून काढलेले आहो? माय वो, मायी वच्छी! परवापरवा परकरात आंबाडी बांधून आणे ती!

येतो ना! हे काय विचारणं झालं? आठ दिवस आधी येतो. नदी ओलांडली की ब्रह्मपुरीहून रेल्वे, कोणी सोबत नसलं तं एकटी येतो. पापड मी करीन, कुरुड्या मी करीन, हळद मी कुटीन. तू फक्त बसून हुकूम सोडजो, तसं बी तुले तेच येते… हो… हो… बोल, काय आणू? जे म्हणशीन ते आणतो.

कोणतं लुगडं?

मायचं?… हळदीच्या पाटावर हातराले… हो वो, मले कायले सांगतं? आपल्या घरची रीत मले मालूम नाई काय? आजीच्या लुगड्यावर बसल्याशिवाय पोरीले हळद नाई लागत. तुयी लागली तशीच, मायी बी… हिरवं. लाल काठाचं… हो, मायाच पेटीत होतं…

नाई… आयकून राह्यली. फोन नाई कटला.

बाई… मी काय म्हणतो… दुसरं चालन काय? माया लग्नातला शालू आहे, एकदाच नेसलेला… नाई, हारवलं नाई वो!… उंदरानं बी नाई खाल्लं… इकलं? तुयी जीभ कशी व धजते? मायचं लुगडं मी इकीन?

गोधडीत घातलं.

त्याच गोधडीत. लाल ठिगळायच्या. मधात, दोन्ही अस्तराच्या आत… अवं, गेलेल्या माणसाचं लुगडं नेसता येत नाई अन् फेकता बी येत नाई. मंग बाया काय करतात? गोधडीतच घालतात ना! माय गेली त्याच उन्हाळ्यात हातरली मी ती. वच्छी तवा मातीच्या भातुकल्या खेळत होती, तिचं लग्न माया सपनात बी नव्हतं… नाई, कात्री नाई लावली! तुयी शपथ. घडी करून सबंधच्या सबंध घातलं. हाये तसं आहे, फक्त वरून टाके आहेत.

बाई?… रडतं काय वो?… नको ना रडू. तू तिथी रडशीन तं मी इथी बाबूभाईसमोर काय करू?

आयक. मी उसवतो. आजच बसतो. एक-एक टाका ब्लेडनं काढतो, मायच्या लुगड्याले वरखडा बी नाई पडू देणार… मंग काय होते? जाऊ दे गोधडी. हासू दे आशाबाईले. सुई फेकीन नदीत, बोलली तं बोलली. पण वच्छी कोऱ्या पाटावर नाई बसणार. माय असती तं तिनं मले झोडपलं असतं…

आं? नको उसवू?

मंग कसं?… गोधडीच हातरायची? पाटावर?… सबंध गोधडी?… अवं, खरंच की! लुगडं आतच आहे तिच्या! वरून काही दिसो, पोरगी बसन तं मायच्याच लुगड्यावर! अगं माय, हे मले काऊन नाई सुचलं? बाई, तू मोठी उगीच नाई झाली वो! अन् हळद सांडली तं सांडू दे, पिवळी होऊ दे सारी!

पण… एक अडचण आहे.

तिचं एक कोपरं उघडं आहे… शिवाचं राह्यलं नाई, मीच ठेवलं. अवं, पोट नाई ना भरलं तिचं! मूठभर तांदूळ घातल्याशिवाय गोधडी बंद करत नाईत, नाईतं पांघरणाराच्या घरी भूक राहते. अन् जिनं शिवली तिच्या हातानं नाई भरत. मायी प्रत्येक गोधडी मायनंच भरली. "दे इकडे, उपाशी ठेवतं काय तिले," असं म्हणे… आठवते ना तुले?

मंग कोणाच्या हातानं भरू, सांग? सासू नाई मले. आशाबाईले म्हणू?… खरं सांगू? चारही गोधड्यायचं तसंच आहे. शिवाचं काहीच नाई राह्यलं, फक्त एक-एक कोपरं. लोक म्हणतात कमळा आळशी आहे. म्हणू दे. त्या कोपऱ्यापाशी आली की मले माय दिसते, अन् मी गोधडी घडी करून पेटीत टाकतो. म्हणून तं एक-एक सणाले एक-एक ठरवली. एकदम चारही बंद कराचा जीव होत नाई वो बाई.



कोण बोलून राह्यलं मधात?… टाइम झाला म्हणते एक्सचेंजवाली. अवं ताई, बहीण बोलून राह्यली मायी, पोरीचं लग्न आहे, जरासं थांब ना!… हॅलो? बाई? आहेस ना? लवकर सांग, तू भरशीन काय? मायनंतर तूच मोठी आहे. तांदूळ मी आणतो, आपल्या वावरातला, मायनं लावलेल्या धानाच्या बांधीचा. तू फक्त मूठ…

भरशीन?… खरं?… काय? जोरानं बोल!… चारही?

चारही आण म्हणतं? एकाच दिवशी? हळदीच्या आधी?… हो!… हो, आणतो! बैलबंडी करतो नदीपर्यंत, डोक्यावर घेतो, कशी बी आणतो! माय वो, चारही!…

पण बाई, मंग पोळ्याले काय करू? अन् दसऱ्याले? वर्स तं सारं बाकी आहे ना!… हॅलो?… बाई?… हॅलो?

गेला वाटते… बाबूभाई, हे घ्या तुमचं, कुठी ठेवाचं ते तुमीच ठेवा. नाई जी, रडत नाई. पिठाचा हात लागला डोळ्याले.

अन् आयका, तुमच्या घरच्या भाभींले सांगजा, जुने लुगडे, धोतरं असतील तं मले पाठवा म्हणावं, पोळ्याची नवी गोधडी हातराले. आशाबाईले नका सांगू.