पाहुणे येणार म्हणून गाव धुतलं

गावाचं नाव नका टाकू बाई, तेवढं ऐका माहं. बाकी काय लिहाचं ते लिहा, राजूरच्या इकडचं म्हणा, वणीजवळचं म्हणा, पण नाव नका टाकू, काहून का नाव छापून आलं तं एखादी सोयरीक येणार असन तेही येणार नाही. माह्या गजाननची पस्तिशी उलटली, अन् तो एकटा नाही, या गल्लीत दर घरात एक बिनलग्नाचा पोरगा आहे, तुम्ही आल्या तवा पुलाच्या कठड्यावर बसले होते न, ते सगळे त्यातलेच. बसा, चहा ठेवला मी.

मी काही इथली नाही. माहेर माहं पांढरकवड्याकडं. बापानं मले इथं देली ते गाव पाहून देली, पोरगा मागून पाहिला, आधी गाव पाहिलं. तवा चुन्याच्या भट्ट्या होत्या अठी, दिवसरात पेटलेल्या, बाप म्हणे पोरी, या गावात हाताले काम नाही असं कधी होणार नाही. मी नवी नवरी, हळदीच्या अंगानं आली, अन् आठ दिवसात डोकं पांढरं फेक, भुवया पांढऱ्या, सासू हासे मले, म्हणे घे व माय, आपण दोघी एका वयाच्या झालो. कोंबड्या पांढऱ्या, कुत्रे पांढरे, लिंबाचं झाड पांढरं. पण काय सांगू तुम्हाले, शुक्रवारचा बाजार असा भरे का पाय ठेवाले जागा नाही, राजूरचे लोकं अठी येत बाजाराले, तेलुगू बोलणारे, कोलाम, गोंड, सगळे भट्टीवरचे, अन् जिलबीवाल्याची कढई संध्याकाळपर्यंत उतरे नाही. चुन्याचं काही वाटे नाही आमाले. आंघोळ केली का गेला.

मंग भट्ट्या एक एक थंड्या झाल्या अन् खदान निघाली, कोळशाची. आम्हीच पेढे वाटले हो, मी सोता वाटले, माह्या घरचे, गजाननचे बाबा, तवा जिवंत होते, म्हणे आता पोट्ट्याले बाहेर जाची गरज नाही. अन् खरंच गजानन लागला ठेकेदाराकडं, ट्रकवर ताडपत्री बांधते. पण ते ट्रक जाते कोठून, तं गावाच्या मधातून. एक गेला का दुसरा, दुसरा गेला का तिसरा. पांढरं गाव काळं झालं, अन् हे काळं आंघोळीनं जात नाही. सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी तीनदा धुतली तरी पाणी काळंच निघते. आमच्या गावची भाजी कोणी घेत नाही, मंग बाजार मोडला, मंग जिलबीवाला गेला. उन्हाळ्यात कुरड्या घालाच्या तं मी बहिणीकडं जाते, अठी अंगणात घातल्या का संध्याकाळी वळखू येत नाही. खदानीचे साहेब लोकं आले, खुर्च्या पुसून बसले, रोज रस्त्यावर पाणी मारू म्हणे. मारलं न, दोन दिवस मारलं. आपण काय करणार बाई, ओरडून ओरडून घसा बसला, अन् घसा तं तसाही बसलेलाच आहे सगळ्याइचा.

तं मंग गावानं एक रीत पाडली, हासू नका. कोणाच्याही पोराले पाहाले पाहुणे येणार असले का सगळं गाव कामाले लागते. कोणी रस्त्यावर टँकर आणते, बाया अंगणं, भिंती, ओटे धुते, पोरं फवारणीचे पंप पाठीवर घेते, कपाशीवर मारते न तेच, अन् साध्या पाण्यानं लिंबाचा पाला धुते. हाव, झाड धुतो आम्ही! अन् दोघं जण नाक्यावर जाऊन ट्रकवाल्याइच्या पाया पडते, का भाऊ, दोन घंटे थांब. थांबते बिचारे. त्याइचेही भाऊ तसेच बिनलग्नाचे बसून आहे घरी.

औंदा पोळा झाल्यावर माह्या घरी पाहुणे आले. सोयरीक सुनीतानं आणली, सुनीता म्हणजे माही पोरगी, दारव्ह्याले देली, तिच्या शेजारचीच पोरगी होती. आईबाप दोघं आले जीप करून. काय सांगू, गाव असं दिसत होतं का मलेच वळखू येईना, लिंब हिरवागार, रस्ता ओला, कोठंच आवाज नाही. गजाननले पाहिलं, दोन गोष्टी विचारल्या, पोहे खाल्ले, पोरीचा बाप म्हणे गाव मोकळं आहे हो तुमचं, हवा चांगली आहे. मी मनात म्हटलं जमलं, देवा, जमलं.

अन् मंग मी चहा नेला.

दर कपावर बशी झाकून. कपाखाली नाही, वरून. या गावात चहा असाच देते, झाकूनच, इतके वर्ष झाले का आमच्यातल्या कोणाच्या ध्यानातच आलं नाही. झाडं धुतली, रस्ता धुतला, अन् हातालेच सांगाचं राहून गेलं. पोरीच्या बापानं बशी काढून चहा ओतला अन् पेला. पोरीची आई थांबली. तिनं बशी उचलली, आत पाहिलं, मंग वर मांडणीकडं पाहिलं, भांडे सगळे पालथे, पाण्याच्या गुंडाले फडकं बांधलेलं, पिठाच्या डब्यावर कागद अन् कागदावर ताट. चहा पेली सगळा, अन् कप ठेवाच्या निमतानं माह्या मागं सैपाकघरात आली, माहा हात धरला. म्हणे बाई, पोरगा तुमचा लाखात एक आहे, पण एक सांगा, सुनीताले तुम्ही इतक्या दूर काहून देली, या गावात पोरं नव्हते काय?

मी काय सांगू तिले? राग नव्हता व तिच्या बोलण्यात, उलट तिचेच डोळे भरले होते. तीही आई, मीही आई.

जीप गेली, नाक्यावरचे ट्रक सोडले, अन् चूल पेटवेपर्यंत लिंब होता तसा झाला. गजाननले कोणी काही सांगतलं नाही. त्यानं पंप उचलला, म्हणे आई, ज्याचा आहे त्याले देऊन येतो, उद्या शेजारच्या राजूकडं पाहुणे येऊन राह्यले, लागन त्याइले. अन् गेला. दुसऱ्या दिवशी झाड धुवाले तोच सगळ्याइच्या आधी होता.

त्या पोरीचं झालं लग्न, यवतमाळकडं. सुनीतानं फोनवर सांगतलं. मी म्हटलं चांगलं झालं व माय, सुखी राहो पोरगी, तिच्या अंगणात पांढऱ्याफेक कुरड्या वाळो. खरं सांगते, मनापासून म्हटलं. मंग फोन ठेवला अन् लय रडली.

घ्या न बाई, चहा थंडा होऊन राह्यला तुमचा. बशी काढा, अन् घोट घेतला का लगेच झाका, ट्रक येऊन राह्यला.