तेजश्रीच्या नावची पाकिटं

न्हाई न्हाई, आत नको येऊ, हितंच ओसरीवर टेक — तेजश्री पडलीय आत. लेकराला सोड खाली, सारवलंय आजच. काय म्हणली? सहा? आगं स्वप्नाली, सहा पाकिटं म्हंजी सहा महिन्याच्या गोळ्या! मी आशा हाय, दवाखान्याची मालकीण न्हाई माय. महिन्याला एक पाकीट, रजिस्टरात नाव, नावापुढं सही — असं वरचं सांगणं. अन् वरच्यांना कोण सांगावं, की आमच्या वस्तीवरच्या बाया दिवाळी झाली की ऊस तोडायला ट्रकात बसतेत, त्या गुढीपाडव्यालाच तोंड दाखवतेत? मी सांगितलं. मीटिंगीत दोनदा सांगितलं. 'बघू वनमालाताई' म्हणले. चहा पाजला.

सासूला ठाव हाय का तुज्या? न्हाई ना. अन् म्हाळूला? घे म्हणला त्यो? मग नशिबाची हायस — हसू नको, नवऱ्यानं घे म्हणायला बी नशीब लागतं हितं. मागल्या साली हे लेकरू पाचटात निजवून ऊस तोडला तू, दुसरं इतक्यात नको वाटतंय, बरोबरच हाय तुजं. मी कुठं चूक म्हणते? थकले गं मी नुसती. दारोदार तेच ते सांगून जीभ झिजली.

ऐक, एक सांगते. मागल्या साली आमच्या सुनंला, तेजश्रीला, मी एकच पाकीट दिलतं. घरातली सून अन् एकच! कावून? नियम. लोकं म्हणली असती, आशाबाईनं घरातच माल जिरवला. अन् हिनं तिकडं कारखान्यावर काय केलं असंल? वाटल्या! शेजारच्या खोपीतली आली, मला बी दे गं एक. तिच्यामागं दुसरी आली. टोळीत मीठ मागितलं की द्यायचं, काडेपेटी मागितली की द्यायची — तशा गोळ्या दिल्या येड्या पोरीनं. आठ दिवसात पाकीट रिकामं, अन् उपयोग एकीला बी न्हाई. म्हून सांगते, वाटायच्या न्हाईत. कुणी मागितल्या तर तिथल्या आशाला गाठा म्हणावं. रोज एक, रातीची जेवणं झाली की. इसरली तर ध्यानात आल्याबरोबर घ्यायची. म्हणून दाखव बरं. हां.

मग काय, मग फोन आला तिचा — 'आत्या, संपल्या. ह्यांच्यासंगं धाडा.' त्याच हप्त्यात आमचा लेक गहिनीनाथ आलता एका दिवसासाठी, बाजरीचं पीठ न्यायला. पिठाच्या डब्यात चार पाकिटं टाकली असती तर काय वझं होणार होतं? पेटीत पडलीच होती. न्हाई टाकली. आगं नियम कसला — मला नातू पाहिजे होता! सगळ्या वस्तीला सांगत फिरते, घाई करू नका, अंतर ठेवा. अन् माज्याच सुनंच्या लग्नाला दोन वर्षं झाली तर बाया मला इचारायच्या, काय गं वनमाला, पाळणा कधी? म्हणलं होतंय तर होऊ दे. झालं की. पाचव्या महिन्यात मोळी डोक्यावर घेऊन ट्रकाच्या फळीवर चढली, अन् पाय निसटला. लेकरू गेलं. रक्त थांबंना, तर डॉक्टरनं गर्भपिशवीच काढून टाकली. बाविसावं लागलं होतं तिला.

तिला वाटतंय, गहिनीनाथच आणायचा इसरला. तवापासनं नवऱ्याशी धड बोलत न्हाई पोरगी. अन् त्यो गप ऐकून घेतो — त्याला ठाव हाय ना, आईनं दिलीच न्हाईत ते. एका शब्दानं बोलला न्हाई. बोलला असता तर बरं झालं असतं. हे कावून सांगितलं मी तुला? कुणाला बोलले न्हाई आजवर. तू बी बोलू नको, तुला तुज्या लेकराची आण हाय.

पसर पदर. मोज — सहा हायत. चोरीच्या न्हाईत. रजिस्टरात तेजश्रीचं नाव तसंच हाय अजून, काट मारायला हातच होईना माजा. वैशाखापासनं दर महिन्याला एक पाकीट तिच्या नावावर उतरवते, अन् पेटीत टाकते. तिला आता काय करायची? घे तू. पिठाच्या डब्यात खाली ठेव, सासू तितवर हात घालत न्हाई.

सही? सही तीच करते. मी रजिस्टर पुढं धरते, ती करते. कशाची म्हणून एकदा बी इचारलं न्हाई तिनं.

ऊठ आता, ट्रकाचा हॉर्न वाजतोय. लेकराला घे. जा म्हणते ना.