वडगिरीचा पाठमोरा नगारा

मंडळी, ज्या वर्षी वैशाखात आमच्या धाकटीचं, कुसुमचं लग्न झालं, त्याच वर्षीच्या दसऱ्याची ही गोष्ट. पण कीर्तनाला बसलाच आहात, तर आधी एक विचारतो. भरल्या सभेत राजाकडं पाठ करून उभा राहतो, त्याला काय म्हणाल? उद्धट? थांबा, घाई नको. सगळं ऐका, मग बोला.

वडगिरी संस्थानच्या महाराजांची पंचाहत्तरी. राज्य कधीच गेलं, पण मान राहिला. वाड्याच्या पटांगणात मोठा जलसा, आणि तो टीव्हीवर थेट दिसणार! मुंबईचे गवई, पुण्याचे वादक — आणि सगळ्यांच्या आधी आमच्या गावचा नगारा. वाजवणार कोण? भिवा गुरव. सात पिढ्यांचा मान.

आता रिवाज ऐका. वडगिरीत नगाऱ्यावर पहिली टिपरी पडते ती भगवतीसाठी. वाजवणारा अनवाणी, देवळाकडं तोंड करून. ते संपलं की मग वळून राजाला मुजरा. पण टीव्हीवाल्यांनी मंच बांधला नेमका उलटा — देऊळ मंचाच्या मागं, महाराज समोर. तालमीला वाड्याच्या व्यवस्थापकानं बजावलं, "गुरव, तोंड कॅमेऱ्याकडं. पाठ दिसली, तर उद्यापासून नगाऱ्यावर दुसरा माणूस." भिवानं घरी येऊन बायकोला एवढंच सांगितलं आणि जेवायला बसला.

वाड्यात फक्त पाहुण्यांना जागा, म्हणून दसऱ्याच्या संध्याकाळी पंचायतीत टीव्ही लावला. अख्खा गाव जमला. पहिल्या रांगेत भिवाची बायको चंपाबाई, नवं लुगडं नेसून. पडद्याखाली लोकांचे निरोप सरकत होते. ते वाचायचं काम माझ्याकडं — कारण मी पन्नाशीत नुकता वाचायला शिकलो होतो आणि दुकानाच्या पाट्यासुद्धा सोडत नव्हतो.

भिवा आला. नमस्कार केला, नगारा फिरवला आणि देवळाकडं तोंड करून वाजवू लागला. पडद्यावर नुसती पाठ!

मी वाचू लागलो. 'महाराजांना पाठ? हा कसला माणूस?' 'उतरवा याला खाली.' 'खेडवळांना रीत शिकवा.' पुढं माझा आवाज अडखळला.

"वाचा की, आबा," चंपाबाई म्हणाली.

"अक्षरं पळतायत गं."

"पळत नाहीत. तुम्ही गिळताय."

मागून शिवराम सरपंच बोलले, "वहिनी, तोंड दाखवलं असतं तर भिवाचं काय झिजलं असतं? सात पिढ्यांचा मान घालवला की."

ती मागं वळली नाही. "भाऊजी, तीस वर्षं देवळासमोर मागं उभी राहून मी हीच पाठ बघत आलेय. आज तोंड दिसलं असतं, तर म्हटलं असतं, हा कोण परका उभा केलाय."

बोलली खरी. पण पदर मुठीत चुरगळत होता. उद्या नगारा दुसऱ्याच्या हाती जाणार, हे तिला ठाऊक होतं.

पडद्यावर व्यवस्थापक मंचाच्या कडेला येऊन हातवारे करू लागला. तेवढ्यात महाराज उठले. दुखरे गुडघे, तरी उठले. जोडे काढले, पायऱ्या चढले आणि भिवाच्या मागं, देवळाकडं हात जोडून उभे राहिले. म्हणजे आता राजाचीही पाठच! सगळं पटांगण उठलं. भिवाला याचा पत्ता नाही, तो वाजवतोय. संपलं, मुजऱ्याला वळला, तर महाराज हातभर अंतरावर. भिवा गडबडला. महाराज म्हणाले, ते माईकवर सगळ्यांनी ऐकलं, "भिवा, मंच आम्ही चुकवला. तू नाही चुकलास."

पंचायतीत सरपंच उभे राहिले. "वहिनी, माझंही चुकलं."

"मग बसा आता. मागच्यांना दिसत नाही."

खाली नवा निरोप सरकला — 'हा नगारा कुठल्या गावचा?' पडद्यावर तो एकदाच आला. मी तीनदा वाचला.

आता तुमचं सांगा, मंडळी. तुमच्या हातचं काम कुणाकडं तोंड करून चाललंय? ज्याच्यासाठी करता त्याच्याकडं, की बघणाऱ्यांकडं? पुढच्या रांगेत मोबाईल वर धरलेत. ते कीर्तन ऐकण्यासाठी, की आपण आलो होतो हे दाखवण्यासाठी? उत्तर मला नको. घरी जाऊन स्वतःला द्या.

भिवाचा नगारा शेवटपर्यंत त्याच्याकडंच राहिला. भिवा गुरव गेल्या वर्षी पौष वद्य अष्टमीला, सकाळी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी वारला.