उघड्या पोलादाचा नमुना

...आणि वर मलाच म्हणतात, "सर, मनाला लावून घेऊ नका!" तुम्हाला सांगतो, मी सूडबुद्धीचा माणूस नव्हे, देव साक्षी आहे, पण माणसानं सोसावं तरी किती? शाळेच्या मैदानातली, पोरांनी डबा खायची ती लाकडी टेबलं निवडली कुणी? आमच्या पर्यवेक्षकांनी! एका पावसात फुगली, दुसऱ्यात सोलली, आणि तिसऱ्या वर्षी पालकसभेत 'संयम' या विषयावर बोलायला मी त्या टेबलांच्या बाकावरून उठलो, तर सोललेल्या फळीत अडकून माझ्या पॅन्टचा एक भाग बाकावरच राहिला... दोनशे पालकांसमोर! पर्यवेक्षक काय म्हणाले? "बघा, सरांचा शाळेत किती जीव अडकलाय!"

यंदा नव्या टेबलांची निवड माझ्याकडे आली, तेव्हा मी आकाशाकडे बघून हात जोडले. मैदानातलं टेबल म्हणजे काय हो? त्यानं ऊन खाल्लं पाहिजे, पाणी पचवलं पाहिजे, वर्गच्या वर्ग नाचला तरी हूं की चूं करता कामा नये! चार कारखाने पालथे घातले, पोलादी टेबल ठरवलं, बाकं जोडलेली, वर जाड रबरी आवरण. कारखानदार म्हणाला, "नमुना आवरणासकट आणतो, नाहीतर उन्हात तवा होतो." तवा! मी सूडबुद्धीचा माणूस नव्हे, देव साक्षी आहे... पण तोंडातून निघून गेलं, "नमुना उघडाच आणा. भर दुपारी बारा वाजता."

बारा वाजले. मुख्याध्यापिका बाई, सगळे शिक्षक, छत्र्या धरून गोल उभे. मी अत्यंत गोड आवाजात म्हटलं, "पर्यवेक्षकसाहेब, पहिला मान आपला!" तर हा गृहस्थ कमरेत वाकून म्हणतो, "छे छे, निवड तुमची, मान तुमचा!" बाई म्हणाल्या, "बसा ना सर, लाजता काय?" टाळ्या! बसलो... काय सांगू, ब्रह्मांड आठवलं! चेहरा मात्र प्रसन्न. पर्यवेक्षक डोळे बारीक करून विचारतात, "कसं वाटतंय?"

"भ... भक्कम!"

तेवढ्यात बाई म्हणाल्या, "इतके निवांत बसलात, मग आवरण हवंय कशाला? अशीच मागवू वीस." वीस! माझ्या डोळ्यांपुढे पहिलीची पोरं उभी राहिली, अर्ध्या चड्डीतली. गप्प राहावं तर पोरं भाजणार, बोलावं तर अब्रू जाणार... मी सूडबुद्धीचा माणूस नव्हे, असं आता देवाला तरी कोणत्या तोंडानं सांगू? ताडकन उठलो आणि भडाभडा सगळं ओकलो: तवा, बारा वाजता, उघडा नमुना, कुणासाठी, का... सगळं! आवरणाचा निर्णय तिथल्या तिथे झाला. मग पर्यवेक्षक पुढे आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मायेनं म्हणाले, "सर, उभ्या उभ्या काय सांगताय? बसून सांगा, पहिल्यापासून!"

बसलो. काय करणार? निकाल वरच्यानं दिला होता, अंमलबजावणी तेवढी ह्यांच्याकडे आली!