आधी आईचं झाड

अमरावतीच्या दवाखान्यात हृदयाच्या डॉक्टरांच्या दाराशी अचलपूरची फरजाना नवऱ्याची वाट पाहत बसली होती. शेजारी शेंदूरजनाघाटचे शालिकराम आणि पार्बताबाई. त्यांची मुलगी मंजुषा औषधाच्या खिडकीकडे गेली आणि दोघं बोलू लागली. फरजानानं मान फिरवली. कान कुठे फिरतात!

"पोरीले आजपासूनच गोळ्या चालू कर," शालिकराम म्हणाले.

"लगीन झालं की करू."

"डॉक्टर काय बोलला? रक्तातली चरबी आपल्या घरात पिढीजात हाय."

"हळू बोला. हे भाईर गेलं त पोरीले सून कोन करन?"

"आपला पोरगा शुभमबी असाच. दुखत नाई त गोळी कायले, म्हने. ऐन तिशीत गेला."

"तुमी जलमभर संत्र्याची कलमं इकली. गिऱ्हाईक कलम घ्याच्या अगुदर काय पायते?"

"आईचं झाड. ज्याच्यावरून कलम काढलं ते."

"मंग? रोज गोळी खानारी पोरगी दिसली त सोयरे तिचं झाड नाई पायनार?"

शालिकरामांनी औषधाच्या खिडकीकडे पाहिलं.

"अन् लगीन कवा होईन?"

"होईन."

"आपली बाग वाळली तवापासून कोनी पाह्याले तरी आलं का, पार्बता?"

तेवढ्यात मंजुषा परत आली.

"आई, गोळ्या भेटल्या. रोज रात्री एक घ्याची हाय."

पार्बताबाईंनी पुडकं घेतलं आणि पिशवीत पार तळाशी, लुगड्याच्या घडीत सारलं.

"माह्याजवळ राहू दे, बाई. मी देत जाईन आठवनीनं."